एवढं म्हणतोस तर

मॅलकी टिमोनी त्या संध्याकाळी बहिणीच्या बंद घरातून एक फोटो आणायला निघाला होता. दुसरं काही नाही. भिंतीवरचा फोटो काढायचा, कोटाच्या खिशात घालायचा आणि सात वाजायच्या आत बाजारगावी छापखान्यात नेऊन द्यायचा. बहीण जाऊन महिना होत होता, रविवारी चर्चमध्ये तिची महिन्याची मिसा, म्हणजे तिच्या नावाची प्रार्थना होती. मिसेला येणाऱ्यांच्या हातात तिच्या आठवणीचं कार्ड पडायला हवं, ही आपल्याकडची रीत. बायको, ऊना, चार दिवस मागे लागली होती आणि हा आज नको उद्या करत होता. शेवटी छापखानेवाल्याने निरोप धाडला, की आज फोटो आला तरच रविवारी कार्डं मिळतील. तेव्हा कुठे उठला.

तारीख पाठ आहे मला. गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, एकवीस तारीख, गुरुवार. पावणेसहा वाजले होते. आयर्लंडच्या या टोकाला, आपल्या मेयोत, नोव्हेंबरात साडेचारला दिवस मावळतो, म्हणजे पावणेसहाला रात्रच धरा. थंडीची लाट आली होती, आठवतंय ना, रस्त्यावर काचेसारखा बर्फ धरला होता ती.

दार ओढून घे रे डॅरा, गारठा येतोय आत. हां. अजून दीड तास आहे, आत सगळ्यांची मशीन चालूच आहेत. आपण टॅक्सीवाले, आपलं काय, पेशंटला डायलिसिसला आत सोडायचं आणि चार तास या पार्किंगमध्ये बूड शेकत बसायचं. तू मघाशी म्हणालास ना, "मी दोनदा विचारलं आईला, तिलाच नको आहे," ते ऐकलं आणि ही गोष्ट आठवली. नाहीतर मी सांगत नाही कुणाला. मागे बसलेल्या दोघांनीही ऐका, पण मध्ये तोंड घालू नका.

भुताची गोष्ट आहे का म्हणाल, तर मला माहीत नाही. मी काही पाहिलं नाही. पाहिलं ते मॅलकीने, आणि मॅलकी खोटं बोलणारा माणूस नाही. त्याच्यात खोट आहे ती वेगळीच.

त्याची बहीण कार्मेल, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही. ग्लेनडफच्या पोस्टात खिडकीवर बसायची, सगळ्या गावाची पेन्शन तिच्या हातून जायची. बावन्नाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. रक्तदाबाने खाल्ल्या, तिला पत्ताही लागला नाही. मग मंगळवार, गुरुवार, शनिवार, सहा वर्षं, पहाटे साडेसहाला मी तिला घरातून उचलायचो आणि इथे आणून सोडायचो. सव्वा तास यायला, सव्वा तास जायला. सहा वर्षांत माणूस किती बोलत असेल, हिशोब करा. माझ्या बायकोशी मी आयुष्यात तेवढं बोललो नसेन.

मी पोचायचो तेव्हा ती तयारच असायची. स्वयंपाकघरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत, अंगात कोट, मांडीवर पर्स, डाव्या हाताची बाही वर सरकवलेली. त्या हातात डॉक्टरांनी दोन शिरा एकत्र जोडून दिल्या होत्या, मशीनच्या सुया लावायला. तुमच्या पेशंटांनाही असतीलच. ती शीर सारखी गुणगुणत असते, माहीत आहे ना? हात लावला की थरथर लागते, आणि शांत खोलीत कान दिला तर ऐकूही येतं. कार्मेल म्हणायची, माझ्या हातात मधमाशी पाळलीय मी.

खाण्यापिण्याचे हाल तर विचारूच नका. बटाटे एकदा उकडून पाणी ओतून द्यायचं, परत नव्या पाण्यात उकडायचे, मग खायचे. तेव्हा त्यांना ओल्या पुठ्ठ्याची चव यायची. आणि पाणी दिवसाला अर्धा लिटर. त्यात चहा आला, सूप आलं, गोळ्या गिळायचं पाणी आलं. तिच्याकडे एक छोटा पांढरा कप होता, त्याच्यावर तिने निळ्या नेलपॉलिशने रेघ मारली होती. त्या रेघेपर्यंत सकाळचा चहा. रेघेच्या वर थेंब नाही. उन्हाळ्यात ओठ फुटून रक्त यायचं, पण बाई रेघ सोडायची नाही.

आता चहाचं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. आपल्याकडे कुणाच्या घरी गेलं की चहा विचारतात. पहिल्यांदा विचारलं की म्हणायचं, नको गं, आत्ताच झाला. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, राहू दे, कशाला उगाच त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, बरं बाई, एवढं म्हणतेस तर. पहिल्या विचारण्याला हो म्हणणारा हावरट. आणि दोनदा विचारून थांबणारा… त्याला आपल्याकडे काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याला चहा द्यायचाच नसतो, नुसता विचारल्याचा मान हवा असतो. आईच्या मांडीवर बसून शिकतो आपण हे. कुणाला शिकवावं लागत नाही.

मॅलकीने कार्मेलला पहिल्यांदा विचारलं ते हॉस्पिटलात, खाटेशी उभं राहून. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते की नवीन किडनी मिळाली तर बाई वीस वर्षं जगेल, नाहीतर मशीन आहेच, जमेल तितके दिवस. मॅलकी म्हणाला, माझी घे. कार्मेल म्हणाली, नको रे, तुझी मेंढरं आहेत, पोरं आहेत. दुसऱ्यांदा विचारलं पुढच्या ईस्टरला, तिच्या स्वयंपाकघरात. तोवर त्याने रक्त तपासून घेतलं होतं. गट जुळत होता. कार्मेल म्हणाली, राहू दे, माझं चाललंय ना ठीक.

झालं. दोनदा.

त्या ईस्टरनंतरच्या मंगळवारी ती गाडीत बसली ती खुशीतच. मला म्हणाली, "ऑगी, मॅलकीने परत विचारलं. आता तिसऱ्यांदा विचारेल ना, तेव्हा म्हणणार आहे, बरं बाबा, एवढं म्हणतोस तर." आणि हसली. दात न दाखवता. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, त्यामुळे ती कायम ओठ मिटून हसायची.

मी म्हटलं, कधी विचारेल? म्हणाली, मेंढ्या व्याल्या की विचारेल. मेंढ्या व्याल्या. मग म्हणाली, गवत कापून झालं की. मग पोराची परीक्षा झाली की. मग नाताळ. साडेपाच वर्षं गेली अशी. मधल्या काळात मॅलकी दर रविवारी तिच्याकडे यायचा, घराच्या पन्हाळी साफ करून द्यायचा, लाकडं फोडून द्यायचा. भाऊ म्हणून कशात कमी नाही. फक्त ते एक वाक्य नाही. मी एकदा तिला म्हटलंसुद्धा, अगं तूच का नाही सांगत? तर माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी घाणेरडं बोललो. म्हणाली, "असलं कुणी मागून घेतं का?"

किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत नाव होतं तिचं. डब्लिनहून फोनही आला एकदा, जूनमध्ये, आम्ही नुकतेच इथून सुटलो होतो. तशीच गाडी फिरवली आणि साडेतीन तासांत डब्लिनला पोचवली. रात्रभर एका खुर्चीवर बसवून ठेवलं तिला आणि सकाळी सांगितलं, ती किडनी चालण्यासारखी नाही, घरी जा. आम्ही परत निघालो. मग म्हणाली, "ज्या घरातून ती येणार होती, त्यांच्याकडे आज मयत आहे, ऑगी. आणि मी इथे तोंड पाडून बसलेय." त्यानंतर फोन आला नाही.

ऑक्टोबरच्या एकवीस तारखेला, सोमवारी, ती गेली. शनिवारच्या मशीननंतर थेट मंगळवार, मधला गॅप लांबतो ना, तोच नेमका घात करतो. मंगळवारी पहाटे मी पोचलो तर ती खुर्चीतच होती. कोट घालून. रात्रीच घालून बसली असावी, दम लागत असेल, झोप येत नसेल. हॉर्न वाजवून मी पाच मिनिटं वाट बघितली होती. असो.

मयताच्या घरी सगळं गाव आलं. कार्मेलला तिच्याच पुढच्या खोलीत ठेवलं होतं, पेटी उघडी, हातात जपमाळ, ओठ घट्ट मिटलेले. मॅलकी डोक्याशी उभा होता. लोक रांगेने येऊन हात मिळवत होते, फार वाईट झालं म्हणत होते. आणि तो प्रत्येकाला सांगत होता, "मी दोनदा विचारलं होतं हो. तिलाच नको होती." बायका त्याच्या दंडाला हात लावून म्हणत होत्या, तू तरी काय करणार बाबा. दोनशे माणसं येऊन गेली असतील. दोनशे वेळा बोलला तो. बहीण दोन हातांवर निजलेली.

आणि मी? मी सँडविच खात होतो. मला माहीत होतं ती काय म्हणणार होती. साडेपाच वर्षं माहीत होतं. त्याच्या अंगणात गाडी घालून एकदा सांगितलं असतं, की जा, परत विचार, तर… पण दुसऱ्याच्या घरातलं आपण बोलत नाही ना. सभ्य माणसं आपण.

तर तो गुरुवार. मॅलकी घरून निघाला. दलदलीतून जाणारा तीन किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना काही नाही. गाडीत रेडिओ लागला, त्याच्यावर रोजच्यासारखी मयतांची नावं वाचत होते, त्याने बंद केला. महिनाभर तो ती नावं ऐकतच नव्हता. पूल ओलांडला, वळण घेतलं, तर कार्मेलच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उजेड.

त्याला वाटलं, शेजारची ब्रीज असेल. घर ओल धरू नये म्हणून मधूनमधून येऊन चूल पेटवते ती. त्याने गाडी फाटकाशी उभी केली. बर्फावर पाय जपून टाकत दाराशी गेला. किल्ली काढली. दार नुसतं लोटलेलं होतं.

आत ऊब होती. चूल चांगली पेटलेली. चुलीवर एक पातेलं, आणि वास बटाट्यांचा. मोरीत वाफाळतं पाणी नुकतंच कुणीतरी ओतून दिलं होतं, त्याची वाफ अजून खिडकीच्या काचेवर होती. म्हणजे बटाट्यांचं पहिलं पाणी काढून झालं होतं.

"ब्रीज?" मॅलकीने हाक मारली.



मागच्या खोलीत असेल म्हणून तो फोटोकडे वळला. दाराशेजारीच होता तो. चौकटीतून काढला. एकदा नीट बघितला. कार्मेल हसतेय, ओठ मिटून, नेहमीसारखी. खिशात घातला. काम झालं होतं. आता ब्रीजला आवाज द्यायचा आणि निघायचं.

तेवढ्यात त्याला गुणगुण ऐकू आली.

अगदी बारीक. खालच्या पट्टीत. त्याला वाटलं, फ्रिज. मग आठवलं, फ्रिजची पिन त्याने स्वतःच काढली होती. दफनाच्या दुसऱ्या दिवशी. त्याने बघितलं. पिन जमिनीवर होती. फ्रिजचं दार उघडंच.

गुणगुण थांबली नाही.

आवाज खिडकीकडून येत होता. मॅलकीला तिकडे बघायचं नव्हतं. तो म्हणाला मला, "ऑगी, मला बघायचं नव्हतं रे." पण माणूस किती वेळ भिंतीकडे तोंड करून उभा राहील? वळला.

खुर्चीत कार्मेल बसली होती.

कोट अंगात. पर्स मांडीवर. डावी बाही वर. गुरुवार होता ना.

तिच्यासमोर टेबलावर दोन कप. एक पाहुण्यांचा, मोठा. एक तिचा छोटा पांढरा. छोटा कप भरलेला होता. निळ्या रेघेच्या वर. काठोकाठ.

ती रागावलेली नव्हती. हे त्याने मला तीन-चारदा सांगितलं. रागावली असती तर बरं झालं असतं, म्हणाला. ती नुसती बघत होती त्याच्याकडे. चेहरा मोकळा, भुवया जराशा वर. दोनदा नको म्हणून झालेला पाहुणा बघतो ना घरधनिणीकडे… तसं. आता पुढचं तू बोल. असं.

मॅलकीने काहीतरी बोलायला हवं होतं. तो म्हणाला, "रस्ता फार निसरडा झालाय."

ती बघत राहिली.

"फोटो न्यायला आलो होतो. रविवारच्या कार्डासाठी."

गुणगुण.

"चहा नको हं मला. घेऊन निघालोय घरून."

कुणी विचारलाच नव्हता.

 पातेल्यातले बटाटे खदखदत होते. काचेवरची वाफ ओघळत होती. ती वाट बघत होती. तो उभा होता. त्याला माहीत होतं ती कशाची वाट बघतेय. तिलाही माहीत होतं, की त्याला माहीत आहे.

"कार्मेल…"

तिची मान किंचित पुढे आली.

"कार्मेल, तुला…"

शब्द ओठांवर आला होता. एवढासा. मेलेल्या बाईला विचारायचं होतं फक्त. तिला काय द्यावं लागणार होतं? सुरी नाही, टाके नाहीत, काही नाही. एक वाक्य.

गुणगुण वाढली.

…

…

तो पळाला. दार उघडं टाकून. बर्फावर दोनदा पडला. गुडघा फुटला. गाडी कशी चालू केली, ते आठवत नाही म्हणतो.

थेट माझ्याकडे आला. माझं घर पुलापासून जवळ पडतं. सहा वाजून पाच मिनिटं झाली होती, मी जेवायला बसत होतो. दारात उभा, चेहरा पिठासारखा, हातात टोपी चुरगाळलेली. मी नेहमीसारखं म्हटलं, ये, चहा घेणार? तर पहिल्या झटक्याला म्हणाला, "हो." तेव्हाच मला कळलं, काहीतरी भलतंच झालंय. चाळीस वर्षांत हा माणूस माझ्या घरी पहिल्या विचारण्याला हो म्हणाला नव्हता.

तीन कप प्यायला. मग सांगितलं, जसं मी तुम्हाला सांगितलं तसं, एका दमात नाही, थांबत थांबत. मी ऐकून घेतलं. मला कीव यायला हवी होती. आली नाही. 

मी म्हटलं, "ती कशाची वाट बघत होती, मॅलकी?"

"तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पहिल्यापासून माहीत होतं मला, ऑगी. तिसऱ्यांदा विचारलं असतं, तर ती हो म्हणाली असती. म्हणून तर नाही विचारलं."

बघा. मयताच्या घरी दोनशे लोकांना जे सांगितलं, ते खोटं नव्हतं. दोनदा विचारलंच होतं त्याने. म्हटलं ना, खोटं बोलणारा माणूस नाही.

मी त्याला म्हटलं, "बरं, तेव्हा भ्यालास. भीती वाटते माणसाला, पोट फाडून घ्यायचं म्हणजे. पण आज काय झालं होतं तुला? आज विचारायला काय जात होतं? मेलेल्या बाईला काय देणार होतास तू?"

त्याने वर बघितलं. डोळे लाल. म्हणाला, "आणि हो म्हणाली असती तर?"

मी टॉर्च घेतला, त्याच्याकडून किल्ली घेतली आणि एकटाच तिच्या घरी गेलो. तो यायला तयार नव्हता. घर अंधारात. दार बंद, कुलूप लावलेलं. हो, कुलूप. आत गेलो तर गारठा, तोंडातून वाफ निघत होती. चुलीत जुनी थंड राख. पातेलं फळीवर पालथं, कोरडं. तिचा छोटा कप खुंटीला टांगलेला, त्यात धूळ. ब्रीजला दुसऱ्या दिवशी विचारलं, ती आठवडाभर तिकडे फिरकली नव्हती. म्हणजे काहीच नव्हतं. खुर्ची खिडकीजवळ होती, पण ती तर नेहमीच तिथे असायची. मी जरा वेळ तिच्यासमोर उभा राहिलो. टोपी काढली आणि कार्मेलची माफी मागितली.  मी घरी आलो.

मॅलकीने फोटो छापखान्यात दिला. सात वाजायला पाच मिनिटं असताना. काम अर्धवट टाकणारा माणूसही नाही तो.

रविवारी मिसा झाली. फादरने नाव वाचलं, लोक गुडघ्यावर बसले, उठले. मिसेनंतर मॅलकी थडग्याशी गेला. मी मागून गेलो. मुद्दाम. म्हटलं, इथे तरी विचारेल. इथे घर नाही, चूल नाही, खुर्ची नाही, नुसती ओली माती. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. दोन मिनिटं, तीन मिनिटं. ओठ हलले. मी श्वास धरून ऐकत होतो.

म्हणाला, "दगड पुढच्या महिन्यात बसवतील म्हणतात."

आणि टोपी घालून निघाला. मी त्या दिवसापासून त्याच्याशी बोललेलो नाही. भेटला तर मान हलवतो. स्वतःशी तरी मी कुठे धड बोलतो.

आता कार्डाचं. मिसेच्या आधी दारात ऊना खोक्यातून कार्डं वाटत होती. मला दिलं, मी न बघता खिशात घातलं. माझ्या पुढे ब्रीज होती. तिने हातातलं कार्ड उजेडात धरलं, आणि म्हणाली, "अगं, हा फोटो कुठला? हिचं तोंड उघडं कधी बघितलं नाही मी." ऊना म्हणाली, भिंतीवरचाच आहे. छापखानेवाल्याला नंतर मी स्वतः जाऊन विचारलं. तो म्हणाला, जो दिला तोच छापला, काही हात लावला नाही, आमच्याकडे कुणाला वेळ आहे?

डॅरा, तुझ्या डोक्यावरचा तो पडदा खाली कर, उन्हाचा. त्याच्या मागे कार्ड आहे. ते काढ. थांब, आधी हे बघ, हा माझा फोन. तो फोटो मीच काढला होता, याच इमारतीत, नाताळच्या पार्टीला. हाच छापून तिला भिंतीवर लावायला दिला होता. मूळ फोटो माझ्याकडे आहे, हा. तोच स्वेटर, तीच कागदी टोपी, मागे तीच खिडकी. ओठ बघ. मिटलेले. दिसतंय ना?

आता वरचा दिवा लाव आणि कार्ड बघ.

…

मागे दे. त्यांनाही बघू दे.

…

हसत नाहीये ती. दातही दिसत नाहीत. जरासेच उघडलेत ओठ. मनातल्या मनात म्हणून बघ, "एवढं म्हणतोस तर." त्यातला पहिला शब्द म्हणताना उघडतात ना… तेवढेच.